झाकण न उघडता

गुरुवार होता. नगर-पुणे रस्त्याच्या कडेला, सुप्याच्या अलीकडं, एका मोठ्या पत्र्याच्या शेडसमोर टेम्पो, मोटरसायकली आणि बोलेरोंची दाटी झाली होती. शेडमध्ये माणसं मांडी घालून रांगेनं बसली होती आणि बहुतेकांच्या मांडीवर एकेक सीपीयू होता. कुणी टॉवेलात गुंडाळलेला, कुणी हार घातलेला. पतसंस्थेचा मॅनेजर होता, फोटो स्टुडिओवाला होता, उतारे काढून देणारा सेतूवाला होता, कारखान्यातला सुपरवायझर होता. सगळी शिकलीसवरली, खिशाला पेन लावलेली माणसं. तापलेलं पोर घेऊन दवाखान्यात बसावं तशी बसली होती.

मीही बसले होते. माझ्याही मांडीवर सीपीयू होता. फरक इतकाच, की बाकीचे कृपा घ्यायला आले होते आणि मी सूड घ्यायला आले होते. उगाच न्यायबिय म्हणून त्याला गोड करणार नाही. मला सूडच हवा होता, तोही चारचौघांत.

यंत्रेश्वर महाराज आले ते जयघोषातच. पन्नाशीचा गृहस्थ, भगवी कफनी, कपाळभर भस्म, मनगटावर स्मार्ट घड्याळ. मूळ नाव राधाकृष्ण. आधी बसस्टँडवर मोबाईलची कव्हरं विकायचा. त्यानं माइक घेतला आणि डोळे मिटले.

“लेकरांनो, ह्याला मशीन म्हणू नका. हा देह आहे! वीज हा त्याचा प्राण. आणि आत जो बोर्ड आहे, त्याला इंग्रज मदर का म्हणाला? फादर का नाही म्हणाला? कारण त्यालाही ठाऊक होतं, माता रुसली की घर बंद पडतं!”

“धन्य महाराज!”

“कंपनीवाला काय करतो? स्क्रू काढतो, पोट फाडतो, बिल लावतो. आम्ही झाकण उघडत नाही. स्क्रूला हात लावत नाही. आम्ही मातेला फक्त हाक मारतो. आईच्या पोटातलं लेकरू बरं करायला पोट फाडावं लागतं का?”

“न्हाई!” शेड गरजली. मला सिझेरियन आठवलं.

पहिला नंबर स्टुडिओवाल्याचा. त्याचा सीपीयू सगळ्यांसमोर शेडमधल्या मोठ्या पडद्याला जोडून दाखवला. पंखा फिरला, पडदा काळाच. महाराजांनी त्यावर हात धरला आणि एकदम चटका बसल्यासारखा मागं घेतला. “स्त्रीबाधा आहे.” लोकांनी उसासे टाकले. सेवेकऱ्यांनी सीपीयू भगव्या कापडात गुंडाळून मागच्या जाड पडद्याआड, म्हणजे गाभाऱ्यात नेला. इकडं आरती सुरू झाली. ढोल, झांजा, वर लाउडस्पीकर. एक आरती संपेना तोच तिला दुसरी जोडली जायची. कान किटून गेल्यावर सीपीयू बाहेर आला, झाकणावर नारिंगी धागा बांधलेला. बटण दाबलं आणि पडद्यावर एका नवरदेव-नवरीचा फोटो उगवला. स्टुडिओवाला ढसाढसा रडला. लोकांच्या लग्नांचे फोटो त्यात अडकले होते. त्याच्या जागी मीही रडले असते.

“धागा तोडायचा नाही,” महाराजांनी बजावलं. “धागा तुटला की माता पुन्हा रुसेल.”

आता मी कोण ते सांगते. मी अश्विनी. नगरला मुलांना कॉम्प्युटर दुरुस्ती शिकवते. रेश्मा माझी धाकटी बहीण. तिचं सासर ह्या शेडच्या मागच्या माळावरच्या गावात. तिचा नवरा ओम सुप्याला कारखान्यात, आणि रेश्मा गावच्या दूध संकलन केंद्रात कॉम्प्युटरवर. कुणाचं दूध किती, फॅट किती, हे सगळं तिच्या हातानं व्हायचं. केंद्राच्या मशीनची देखभाल सुनील नावाच्या मेकॅनिककडं होती. “हा माणूस साफसफाई करून गेला की मशीन हमखास बिघडते, दुसरा बघा,” असं रेश्मानं समितीच्या बैठकीत तोंडावर सांगितलं होतं. ते सुनीलच्या जिव्हारी लागलं.

आपल्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. पूर्वी विळा-कोयता मांडायचे, आता कॉम्प्युटर मांडतात. आदल्या संध्याकाळी सुनीलनं केंद्रातल्या दोन्ही मशीन झाडूनपुसून बंद करून ठेवल्या. नवमीला रेश्मानं त्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं घातली. पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही, हा रिवाज. दूध वहीत मांडलं. दसऱ्याच्या सकाळी बटण दाबलं, तर दोन्ही मशीन मेलेल्या. सुनील निघून गेल्यावर मशीन चालते का, हे मधल्या काळात एकाही माणसानं पाहिलं नव्हतं. पूजेच्या हत्याराला कोण हात लावणार? सगळ्यांना आठवत होता तो शेवटचा हात, कुंकू लावणारा.

मशीन महाराजांकडं गेल्या आणि बऱ्या होऊन आल्या. सोबत निकालही आला. “जिनं कुंकू लावलं तिच्या हातात मरण आहे. आज यंत्र मेलं, उद्या घरात कुणी जाईल. त्या हातांनी स्वयंपाक नको, लेकराला स्पर्श नको.”

समितीनं रेश्माला घरी बसवलं. तिच्या सासूनं, बायडाबाईनं, महाराजांनी दिलेलं भगवं फडकं तिच्या दोन्ही हातांना बांधलं. मला कळलं तेव्हा मी तडक गेले. ओमला विचारलं, तर तो जमिनीकडं बघत म्हणाला, “ताई, मला पटत न्हाई. पन आईला कोन समजवनार?”

तेवढ्यात माझी भाची आली. राजनंदिनी, अजून शाळेतही न जाणारी. रेश्मानं फडक्यातल्या हातानं लाडू पुढं केला. पोरीनं दोन्ही हात पाठीमागं लपवले.

“तुझा हात नको आई. मी मरंन.”

रेश्मानं लाडू ताटात ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं. त्या क्षणी त्या भगव्या कफनीचा गळा माझ्या हातात असता, तर मी सोडला नसता. हे मी आजही लपवत नाही.

मी तशीच केंद्राचे चेअरमन भिमाजीअण्णांकडं गेले.

“अण्णा, तुमची मशीन उघडून बघायचीय.”

“बाई, त्यो धागा हाय ना, त्यो तोडायचा न्हाई. पुन्हा बंद पडली तर दूध घालनारे मला तुडवतील.”

“बंद पडली तर नवी मी आणून देते. तुमच्यासमोर उघडते. बोला.”

अण्णांनी टोपी चाचपली. “उघडा.”

मी ब्लेडनं धागा कापला. झाकण काढलं आणि पहिल्याच नजरेत हसू आलं. प्रोसेसरवरच्या, म्हणजे मुख्य चिपवरच्या, पंख्याखालून पांढरा लेप बाहेर आला होता, ओला, ताजा. पंखा उचलून परत बसवला की हा लेप नव्यानं लावावाच लागतो. झाकण न उघडणाऱ्या मातेनं लेप कुठून आणला? मी पंखा काढला, प्रोसेसर उचलला आणि अण्णांच्या हातात भिंग दिलं.

प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिच्यात केसाएवढ्या बारीक पिना असतात, हजाराच्या वर. प्रत्येकीनं वरच्या ठिपक्याला टेकायचं, एवढंच तिचं काम. एखादी मोक्याची पीन सुईनं जरा आडवी केली की पंखा फिरतो, दिवे लागतात, पण पडदा काळा राहतो. आत काही जळलेलं नसतं, काही मेलेलं नसतं. तीच पीन सुईनं उचलून शेजारणींच्या ओळीत आणली की मशीन पुन्हा बोलते.

“अण्णा, त्या कोपऱ्यात काय दिसतंय?”

“चार-पाच पिना जराश्या कलल्यात. आन् त्यांच्या टोकाला ओरखडं हायेत.”

“बाकीच्यांना?”

“बाकीच्या गुळगुळीत हायेत की.” अण्णांनी भिंग खाली ठेवलं. “म्हंजी सुनीलनंच आडव्या केल्या. दर गुरुवारी त्यो महाराजांच्या शेडवर असतो, तिकडं पडद्यामागं सरळबी त्यानंच केल्या?”

“आणि मधे पूजेचा दिवस घातला, म्हणजे संशय पुसणाऱ्यावर नको, पूजणारीवर जावा.”

अण्णांचा चेहरा लाल झाला. “आन् मी त्या पोरीला घरी बसवलं. चला, त्याचं कातडं सोलतो.”

“सोलायचं. पण ज्या लोकांसमोर तिला विषारी ठरवलं, त्यांच्याचसमोर.”

मी दुसरा नारिंगी धागा आणून झाकणाला बांधला. गावाला काही कळू दिलं नाही. रेश्माला माहेरपणाच्या नावाखाली नगरला नेलं, हातांचं फडकं सोडलं आणि माझ्या जुन्या बोर्डांवर तिला बसवलं. मी पिना वाकवायची, तिनं सरळ करायच्या. “ताई, खरंच माझ्या हातात काही नसेल ना गं?” असं तिनं मला विचारलं. माझी सख्खी बहीण, शिकलेली, आणि तिलाही शंका आली होती. माणसाला रोज सांगत राहिलं की तो आपल्या कातडीवरसुद्धा संशय घेतो. मी तिला ओरडले नाही, पुढचा बोर्ड दिला.

पोलिस ठाण्यात जाऊन जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार केली. अधिकाऱ्यांनी नीट ऐकून घेतलं आणि येत्या गुरुवारी साध्या वेशात माणसं पाठवतो म्हणाले. मग मी बाजारातून एक वस्तू आणली आणि ती माझ्या सीपीयूच्या आत बसवली.

तर असा तो गुरुवार. पुढच्या रांगेत बायडाबाई राजनंदिनीला मांडीवर घेऊन बसली होती. दर गुरुवारी ती पोरीला महाराजांकडून दोरा बांधून घ्यायची. रेश्मा मागं, तोंडावर पदर ओढून, हातांना पुन्हा ते फडकं गुंडाळून. अण्णा तिच्या शेजारी. सीपीयूंच्या रांगेत दोन जण असे होते, ज्यांच्या मांडीवर काहीच नव्हतं.

माझा नंबर आला. माझ्या मशीनचा पडदा काळा. पिना मीच आडव्या केल्या होत्या.

महाराजांनी हात धरला, झटक्यानं मागं घेतला. “बाई, तुमच्या घरात एका बाईचा तळतळाट आहे.”

“आहे महाराज,” मी म्हणाले. माझाच होता.

“झाकण उघडायचं नाही ना?” मी माइकसमोरच विचारलं. “आत माझ्या संसाराचा सगळा हिशोब आहे.”

“बाई, यंत्रेश्वराच्या दरबारात आजवर एक स्क्रू फिरलेला नाही!”

सीपीयू पडद्याआड गेला. ढोल सुरू झाले. मी टाळ्या वाजवत उभी राहिले. मनातून इतक्या भक्तिभावानं मी कुठल्याच आरतीला उभी राहिले नव्हते.

आणि एकाएकी गाभाऱ्यातून किंकाळी फुटली. कर्कश, अखंड, ढोलाच्या वर जाणारी. ढोल थांबले, झांजा थांबल्या, किंकाळी चालूच. बायका एकमेकींना बिलगल्या. महाराज क्षणभर पांढरे पडले, पण धंद्यात मुरलेला माणूस, लगेच सावरला. दोन्ही हात वर करून ओरडला, “ऐका! लेकरांनो, ऐका! बाधा ओरडतेय! निघाली ती, निघाली!”

अर्धी शेड जमिनीवर लोळली.

मी पुढं होऊन त्याच्या हातातला माइक काढून घेतला. “महाराज, ही बाधा मी नगरच्या बाजारातून आणलीय. दाराला लावायचा अलार्म आहे. एक तुकडा चौकटीला, एक दाराला. दोन्ही एकमेकांपासून दूर झाले की बोंबलतो. मी एक तुकडा सीपीयूच्या सांगाड्याला लावला आणि दुसरा झाकणाला. झाकण उघडल्याशिवाय तो ओरडतच नाही. आत झाकण कुणी उघडलं?”

उत्तराची वाट न पाहता अण्णांनी पडदा दांडीसकट ओढून काढला.

आत देवबिव काही नव्हतं. एक टेबल, वर पांढरा दिवा. कपाळाला भिंग बांधलेला सुनील एका हातात सुई धरून दुसऱ्या हातानं अलार्मवर उशी दाबत होता. शेजारी पतसंस्थेचा आणि सेतूवाल्याचा सीपीयू, दोन्ही पोटं उघडी. लेपाची ट्यूब. नारिंगी धाग्याचं रीळ. मी आत जाऊन अलार्म बंद केला.

“हा कोण? आम्हाला ठाऊक नाही हा कोण!” महाराज म्हणाले.

सुनीलच्या हातातली सुई पडली. “ठाऊक न्हाई? मामा, मला ठाऊक न्हाई म्हनता? कुनाकुनाच्या मशीन बिघडवायच्या ते कोन सांगायचं? त्या रेश्माचं नाव घ्या म्हनालो तवा हसत व्हय कोन म्हनालं?”

शेडमध्ये आधी कुजबुज झाली, मग कालवा. सेतूवाला खवळून उठला, “माझीबी ह्यानंच पुसली हुती!” पतसंस्थेचा मॅनेजर म्हणाला, “आमचीही!” लोक बाह्या सरसावून पुढं आले. मारलं असतं तर मला वाईट वाटलं नसतं, पण मार खाल्लेल्या बुवाची लोकांना दया येते, आणि मला त्याच्यावर कुणाची दया नको होती.

“थांबा,” मी म्हणाले. “महाराजांना एक संधी देऊ. ही माझी मशीन, पिना अजून आडव्याच आहेत. मी झाकण लावते. पडदा नाही, ढोल नाही. महाराज, ठेवा हात. आम्ही आरती म्हणतो.”

“आता वेळ योग्य नाही,” तो पुटपुटला.

“म्हना आरती!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि शेडनं आरती धरली. वाद्यांविना, संथ, शेवटच्या कडव्यापर्यंत. तो मधोमध सीपीयूवर हात ठेवून उभा. घामानं कपाळावरचं भस्म ओघळून नाकावर आलं. आरती संपली. मी बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा.

“दुसरी म्हणू का?” मी विचारलं.

लोक हसले. आधी एक जण, मग सगळी शेड. त्या हसण्यासाठी मी आले होते. पोटभर ऐकून घेतलं.

मग मी रेश्माला पुढं बोलावलं. तिनं पदर मागं टाकला तशी बायडाबाई दचकून उठली. “तिला न्हाई! तिचा हात न्हाई लागला पायजे!”

“तिचाच हात लागणार आहे, मावशी. डोळे उघडे ठेवून बघा.”

रेश्मानं दातांनी गाठ सोडून फडकं काढलं आणि खाली टाकलं. झाकण उघडलं, पंखा काढला, प्रोसेसर कडेला धरून उचलला आणि खोबण सगळ्यांना दाखवली. स्टुडिओवाल्यानं आपला कॅमेरा जवळ धरून पिना मोठ्या पडद्यावर आणल्या. सोन्याच्या ओळी, आणि कोपऱ्यात वाकलेल्या चौघी. रेश्मानं सुईचं टोक एकीच्या बाकाखाली घातलं आणि अलगद उचललं. जोर लावला तर पीन तुटते, म्हणून ती दम धरून, थांबून थांबून करत होती. एक ओळीत आली. दुसरी आली. चौथी सरळ झाल्यावर तिनं प्रोसेसर ठेवला, लेप लावला, पंखा बसवला आणि बटण दाबलं.

पडदा उजळला. कुणी जयजयकार केला नाही, ते बरं झालं. सेतूवाला तेवढा म्हणाला, “ताई, आमची पन बघता का?”

साध्या वेशातल्या दोघा पोलिसांनी मामा-भाच्याला उठवून बाहेरच्या जीपकडं नेलं. जाताना सुनील माझ्यापुढं वाकला. “ताई, चूक झाली. माफ करा.” मी त्याला माफ केलं नाही. आजही केलेलं नाही, आणि साक्षीला उभी राहणार आहे.

बायडाबाई रडत पुढं आली. कडेवरची राजनंदिनी तिनं रेश्मासमोर धरली. “घे बाई तुझी लेक. माझी अक्कल मातीत गेली हुती.”

रेश्मानं सासूकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं लेकीकडं हात केले, आणि पोरीनं आपले हात पाठीमागं लपवले.

बाबा गेला होता, पडदा फाटला होता, सगळ्या शेडला पटलं होतं. पण त्या लेकराच्या डोक्यात रोज भरवलेलं भय तिथंच बसलं होतं. पीन पाच मिनिटांत सरळ होते. माझ्या डोक्यात पुन्हा तिडीक गेली आणि मी जीपकडं धावत जाणार, इतक्यात रेश्मानं मला नजरेनं थांबवलं. तिनं पोरीला ओढलं नाही. खाली बसली, आणि दोन्ही तळवे उताणे करून गुडघ्यांवर ठेवले.

राजनंदिनी आजीच्या कडेवरून घसरली. पाठीमागचा एक हात पुढं आला. एक बोट तिनं आईच्या तळव्याला टेकवल्यासारखं केलं आणि बोट झटकन मागं घेतलं. मग ते बोट डोळ्यांसमोर धरून बघत उभी राहिली. काही होतं का, याची वाट बघत. शेडमधली सगळी मोठी माणसं तिच्याकडं बघत होती.

काहीच झालं नाही. तिनं पुन्हा बोट टेकवलं, या वेळी जास्त वेळ. मग दोन बोटं. मग पूर्ण हात. “आई,” ती खात्री पटल्यासारखी म्हणाली, “मी न्हाई मेले.” आणि आईच्या मांडीत जाऊन बसली.

वाचकहो, मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. त्या शेडमध्ये पदवीधर होते, मॅनेजर होते, माझ्यासारख्या मास्तरणी होत्या. पण भीती वाटत असताना हात पुढं करून, थांबून, काय होतं ते स्वतः पाहणारी एकच व्यक्ती तिथं होती आणि तिला अजून बूट घालता येत नव्हते. उद्या तुम्हाला कुणी सांगेल, की झाकण उघडू नका, धागा तोडू नका, अमक्या बाईच्या हातचं खाऊ नका. आधी झाकण उघडा. आधी त्या बाईच्या हातचं खा. आणि मग मला येऊन सांगा, तुम्ही मेलात का.